काळजाच्या दोन नळ्या

तिला सगळे बरगडी म्हणायचे. शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं होतं, चांगलं होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. ती जन्माला आली तेव्हा घरी सांगाड्यांची मोठी ऑर्डर चालू होती, अंगणभर बरगड्या वाळत पडल्या होत्या, आणि पोरीला पहिल्यांदा हातात घेऊन तिचे बाबा म्हणाले, "ही पण एक बरगडीच." पुढे पोरगी वाढली ती नुसती उंचीत. अंग काही मांस धरायचं नाव घेईना, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. हाक मारली की ती "काय आहे?" असं विचारायची, आणि तेही इतक्या चढ्या आवाजात, की हाक मारणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं.

घरचा धंदा जरा जगावेगळा होता. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात कान, डोळा, मूत्रपिंड असे रंगवलेले नमुने मांडून ठेवलेले असतात ना, ते हे लोक बनवायचे. आजोबांनी सुरू केलेलं काम. प्लास्टर कालवायचं, साच्यात ओतायचं, घट्ट झालं की रबराचा साचा सोलून काढायचा, नमुना वाळवायचा, पॉलिशपेपरनं घासायचा, मग रंग, मग नंबरांच्या चिकट्या. घराचा पुढचा अर्धा भाग कारखाना आणि मागचा अर्धा भाग घर, अशी वाटणी होती, पण ती फक्त बोलण्यापुरती. प्लास्टरच्या धुळीला ती कधीच मान्य नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीत डोळे वाळत ठेवलेले असायचे, आणि पाणी प्यायला आत गेलेला नवखा पाहुणा हमखास तांब्या सांडून बाहेर यायचा.

ओतकाम बाबांचं. घासकाम आणि चिकट्या आईच्या. ऑर्डरी मोठे काका आणायचे. त्यांच्या हाताला कधी प्लास्टर लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण तोंडाला मात्र विश्रांती नसायची. आणि रंगकाम बरगडीचं. नीट बोलता येत नव्हतं तेव्हापासून तिच्या हातात ब्रश होता. तिचा हात इतका स्थिर की बाबा बारीक शिरा तिच्यासाठी राखून ठेवायचे.

आता त्या रंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं महाभारत घडलं ते त्याच्यावरूनच. काका पावतीवर 'हृदय' लिहायचे, घरात मात्र सगळे 'काळीज'च म्हणायचे. शुद्ध रक्ताच्या नळ्या लाल आणि अशुद्ध रक्ताच्या निळ्या रंगवायच्या, एवढं तर शाळेतलं पोरही सांगेल. पण कोणत्या नळीत कसलं रक्त, हे लक्षात ठेवायला आजोबांनी एक सोपा मंत्र करून ठेवला होता. काळजातून बाहेर जाणारं लाल, काळजात आत येणारं निळं. 'जाणारं लाल, येणारं निळं.' हा मंत्र बरगडीला बाराखडीच्या आधी पाठ झाला होता. ब्रश फिरवताना ती तो गाण्यासारखा म्हणायची, आणि काका पाठीमागून ताल धरायचे.

अशा घरातल्या पोरीला डॉक्टर व्हावंसं वाटलं यात नवल ते काय. नवल याचं की मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्या खेपेला तिचे मार्क वाईट आले. थोडे कमी वगैरे नाही, चक्क वाईट. प्रवेशाची यादी आणि बरगडी यांच्यामध्ये अख्खं शहर मावलं असतं.

काकांना तर आयतं कोलीत मिळालं. "हाडं रंगवायची सोडून हाडांची डॉक्टर व्हायला निघाली होती," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं." बाबांनी रात्रीचा भिजवलेला ब्रश धुऊन तिच्या नेहमीच्या जागेवर ठेवला. बाबांच्या भाषेत याचा अर्थ होता, झालं गेलं विसर, ये, कामाला लाग.

बरगडी आली, ब्रश उचलला आणि परत पाण्यात टाकला.

"मी परत देणार आहे," ती म्हणाली.

"काय परत देणार?" काका म्हणाले. "मार्क?"

"परीक्षा."

"अगं, एकदा हात दाखवून अवलक्षण झालं तेवढं पुरे नाही का?"

"नाही," बरगडी म्हणाली. "मला सवय आहे. नमुना बिघडला तर आपण प्लास्टर फोडून परत ओततो की नाही? मग?"

आई तोंडाला पदर लावून हसली आणि काकांना ते दिसलं. त्यामुळे त्या दिवशी चहा गार का झाला, यावरून आणखी थोडं बोलणं झालं.

पण बरगडी नुसती तोंडाची नव्हती. आपण कुठे मार खाल्ला हे तिला बघायचं होतं. तिनं प्रश्नपत्रिका काढली, उत्तरं जुळवली आणि एकेक प्रश्न तपासत बसली. भौतिकशास्त्रात धूळधाण उडाली होती, ते तिला माहीतच होतं. रसायनशास्त्र बरं होतं. जीवशास्त्र चांगलं होतं, तिथे तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आणि तिथेच ती थबकली. काळजावरचे प्रश्न चुकले होते. दोन्ही. जिथे तिनं विचारसुद्धा केला नव्हता, डोळे मिटून खूण केली होती, तिथेच मार्क कापले गेले होते.

डोळे मिटून. तीच तर गोम होती. वर्गात, पुस्तकात तिनं बरोबर वाचलं होतं. फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीत अशुद्ध रक्त असतं, कारण ते तिथे शुद्ध व्हायला निघालेलं असतं. आणि फुप्फुसाकडून येणारं रक्त शुद्ध असतं. म्हणजे बाकी सगळीकडे आजोबांचा मंत्र खरा, फक्त या दोन नळ्यांपुरता बरोब्बर उलटा. हे तिला ठाऊक होतं. पण परीक्षेच्या भीतीत पुस्तक डोळ्यांपुढून गेलं आणि पुढे आली ती घरची फळी. फळीवरची ओळीनं मांडलेली काळजं. जाणारं लाल, येणारं निळं.

ती उठून फळीपाशी गेली. एक काळीज उचललं, फिरवून पाहिलं. दुसरं उचललं. मग सगळी उचलली. सगळ्यांच्या त्या दोन नळ्या चुकलेल्या होत्या, आणि सगळ्या तिच्याच हातच्या होत्या, सुबक, कुठे ओघळ नाही की डाग नाही.

तिनं ते काळीज नेऊन बाबांच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं. सरळ सांगितलं. आडपडदा ठेवणं तिला जमायचं नाही, आणि तिथेच तिचं चुकलं असं आई पुढे कायम म्हणायची. वेळ बघून, जरा गोडीत घेऊन सांगितलं असतं तर कदाचित बाबांनी ऐकलं असतं. पण निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, काका समोर बसलेले असताना, पोरगी म्हणाली, "आजोबांचं चुकलंय."

बाबांचा हात प्लास्टरात होता. तो तिथेच थांबला.

"इतक्या शाळांत माल गेला," काका म्हणाले, "एका मास्तरानं कधी बोट दाखवलं नाही."

"मास्तर कपाट उघडत असतील तर दाखवतील ना!" बरगडी म्हणाली. आणि ते खरंही होतं. असल्या नमुन्यांवरची धूळ फक्त तपासणीला साहेब येणार असले की पुसली जाते.

बाबांनी हात बाहेर काढला. प्लास्टर घट्ट होत चाललं होतं, एरवी ते कधीच असं वाया जाऊ द्यायचे नाहीत. "तुला मार्क कमी पडले," ते सावकाश म्हणाले, "ते तुझे तू कमी पाडलेस. आता ते आजोबांच्या माथी मारू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं."

बरगडीला आयुष्यात बरंच काही ऐकवलं गेलं होतं. काकांचं बोलणं ती कानामागे टाकायची. पण हे बाबांनी म्हटलं होतं, आणि ते तिच्या जिव्हारी लागलं. कारण त्यातला पहिला अर्धा भाग खरा होता. तिला नाचता आलं नव्हतंच. पण अंगणही वाकडं होतं, आणि जिला नाचता आलं नाही तिनं तसं म्हणायचं नसतं. कुणी ऐकत नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मी मार्क आणते. मग तर ऐकाल?"

"आधी आण," बाबा म्हणाले. "मग ठेव नावं."

"आणि तोवर मी काळजाला ब्रश लावणार नाही. कान रंगवीन, मूत्रपिंडं रंगवीन, सांगाल तेवढी आतडी रंगवीन. काळीज नाही."

असं ठरलं. म्हणजे तिच्या बाजूनं ठरलं. बाबांनी प्लास्टरचं घमेलं पालथं करून ठोकायला घेतलं होतं.

ते वर्ष बरगडीनं कारखान्यातच काढलं. क्लासला जायची, परत यायची, वाटणीचं काम करायची, आणि मधल्या वेळात अभ्यास. मधला वेळ म्हणजे काय, तर साचा भरल्यापासून प्लास्टर घट्ट होईपर्यंतचा. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की गरम होतं. साच्यावर हात ठेवायचा आणि तो परत गार व्हायच्या आत गणित सोडवायचं, अशी तिची पद्धत. भौतिकशास्त्र तिला आधी डोळ्यांसमोर नको व्हायचं. आता ती त्याच्या अंगावर धावून जायची. "ये," ती पुस्तकाला म्हणायची, "आज तू तरी राहशील नाहीतर मी." कागद फार लागायचे म्हणून तिनं बाद झालेले नमुने घेतले. फुटक्या यकृताची मागची बाजू सपाट असते, तिच्यावर पेन्सिलीनं छान लिहिता येतं आणि पॉलिशपेपर फिरवला की परत कोरी. त्या वर्षी आमच्या बरगडीनं सगळी गतीची समीकरणं यकृतावर आणि सगळी वीज मूत्रपिंडावर सोडवली. एकदा एक नमुना चुकून मागच्या सूत्रासकट शाळेत गेला, आणि काकांना तिथल्या बाईंनी फोन करून विचारलं की हे नवीन काय काढलंय.

लोक विचारायचेच. "काय गं, अजून देतेच आहेस?" बरगडी म्हणायची, "हो, तुम्ही अजून विचारताच आहात ना, तसंच." पुढे लोकांनी तिच्याऐवजी आईला विचारायला सुरुवात केली.

आणि काळजं? काळजं रंगवायची पाळी आईवर आली. आई निमूटपणे रंगवायची, छान रंगवायची, पण त्या दोन नळ्या कोऱ्या सोडायची. बाबांनी विचारलं की म्हणायची, "अहो, माझा हात नाही पोचत तिथे. तेवढ्या तुम्हीच करा." हात पोचत नाही म्हणे! बाईनं कानाच्या नमुन्यातली गोगलगायीसारखी नळी डोळे मिटून घासली असती. बाबा तिच्याकडे एकदा बघायचे, ब्रश घ्यायचे आणि जाणारी लाल करायचे, येणारी निळी. पण पूर्वी ते रंगवताना गुणगुणायचे, ते आता बंद झालं होतं. परीक्षा तोंडावर आली तेव्हा काकांनी काळजांची मोठी ऑर्डर आणली. ती सगळी अशीच रंगून, खोक्यांत भरून, माळ्यावर जाऊन बसली.

परीक्षेला बाबांनी स्कूटरवरून नेऊन सोडलं. केंद्र एका जुन्या शाळेत होतं. फाटकावर केसांतल्या पिना काढून घेतल्या, घड्याळ काढून घेतलं, बाटलीवरचा कागदही सोलून घेतला. "पाणी पिऊन जा," एवढंच बाबा म्हणाले. ती प्यायली. दोघांमध्ये वर्षभर जे बोलणं साचलं होतं, त्यातलं एवढंच त्या दिवशी बाहेर आलं.

तिचा नंबर आला होता शाळेच्या जीवशास्त्राच्या खोलीत. भिंतीवरचे तक्ते नियमाप्रमाणे उलटे करून ठेवले होते. फळा पुसलेला. लांब टेबलं, उंच स्टुलं, एका कोपऱ्यात नळ आणि दुसऱ्या कोपऱ्यात काचेचं कपाट. त्या कपाटाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. बरगडी जाऊन कपाटाजवळच्या आपल्या जागेवर बसली, मान वळवली, आणि कपाटातून घरचं काळीज तिच्याकडे बघत होतं.

आपला माल आपल्याला लांबूनही कळतो. पण हे काळीज नुसतं घरचं नव्हतं. त्याच्या काळ्या बैठकीवर, कारखान्याच्या नावाच्या चिकटीशेजारी, एका लहान अंगठ्याचा ठसा होता. ओल्या रंगावर तो तिनंच उमटवला होता, पार लहान असताना. बाबा तेव्हा रागे भरले होते, पण ऑर्डर निघायची घाई होती म्हणून ते तसंच गेलं होतं. आणि त्याच्या त्या दोन नळ्या होत्या तशाच होत्या. एक झगझगीत लाल, एक गडद निळी. दोन्ही चूक.

तिच्या पुढच्या टेबलावर एक चष्मेवाली मुलगी होती. घाबरलेली होती बिचारी, नखं खात होती, आणि खाता खाता तिची नजर कपाटाकडे गेली. तिथेच खिळली. बरगडीनं ते पाहिलं. मागचा एक जणही मान उंच करून बघत होता. फुकटचा नमुना दिसल्यावर कोण सोडतो?

ज्याला या परीक्षेची सवय नाही त्याला सांगायला हवं. इथे तुम्हाला किती मिळाले यापेक्षा बाकीच्यांना किती मिळाले याला जास्त किंमत असते. पुढचा घसरला की मागचा आपोआप वर सरकतो. या खोलीतल्यांनी काळजाकडे बघून खुणा केल्या तर त्यांचे मार्क जाणार, आणि बरगडीला गप्प बसण्याखेरीज काहीच करायचं नव्हतं. वर गप्प बसलं की घराचं नावही झाकलेलं राहणार होतं. बोललं तर? बोललं तर परीक्षेच्या खोलीत आवाज केला म्हणून बाहेर काढतील. वर्ष गेलं. मार्क गेले. मग बाबांना ती काय सांगणार होती?

ती काही साध्वी नव्हती. तिला कुणाची दया वगैरे आली नाही, आला तो राग. त्या लाल नळीनं तिचं एक वर्ष खाल्लं होतं, आणि आता तिच्या डोळ्यांदेखत ती आणखी कुणाचं तरी खायला बसली होती, तिच्याच अंगठ्याची सही मिरवत. बरगडीनं हात वर केला.

"काय आहे?" पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. पेपरांचा गठ्ठा त्यांच्या हातात होता, अजून वाटला नव्हता.

"मॅडम, त्या कपाटातलं हृदय झाका."

बाईंनी कपाटाकडे पाहिलं. "तू बघू नकोस तिकडे. आपल्यासमोर बघ."

"मी नाही बघत. पण बाकीचे बघतील. ते चुकीचं आहे."

खोलीत कुजबुज झाली. बाई जवळ आल्या. "शांत बस. नाहीतर नाव लिहून घ्यावं लागेल. शाळेतली वस्तू आहे ती. चुकीची कशी असेल? तुला काय माहीत?"

बरगडी उभी राहिली. आवाज, देवाची कृपा, नेहमीसारखाच चढा लागला. "कारण ते मी रंगवलंय. ती खाली चिकटी आहे ना, ती आमच्याच कारखान्याची आहे. आमच्याकडे सगळी अशीच रंगवतात. फुप्फुसाच्या दोन्ही नळ्यांचे रंग उलटे आहेत. माझं नाव लिहून घ्यायचं तर घ्या, पण ते झाका."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. चष्मेवाली मात्र हसली नाही, तिनं कपाटाकडची नजर चटका बसल्यासारखी काढून घेतली. बाईंनी क्षणभर बरगडीकडे पाहिलं, मग पेपर ज्या कापडी पिशवीत आले होते ती पिशवी उचलली, कपाट उघडलं आणि काळजावर पालथी घातली. मग कपाट लावून घेत म्हणाल्या, "बस आता. एक शब्द नको."

पेपर वाटले. आणि काय सांगावं, त्या अख्ख्या पेपरात काळजावर एकही प्रश्न नव्हता. मूत्रपिंडावर होते, डोळ्यावर होता, बेडकाला आणि झुरळाला मान मिळाला होता, पण काळजाचं नाव नाही. शेवटच्या पानावर गेल्यावर बरगडीला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात घातलं. मग ती भौतिकशास्त्राकडे वळली. 'ये,' म्हणाली मनातल्या मनात, आणि ते आलं, आणि या वेळी मागे हटायची पाळी तिच्यावर आली नाही.

फाटकाबाहेर बाबा उभे होते. बातमी तिच्याआधी बाहेर पोचली होती. पोरं घोळक्यानं हसत येत होती, "वेडी होती यार, स्वतःच्याच कारखान्याचं नाव घेतलं," असं बोलत होती. बाबांचा चेहरा बघूनच तिला कळलं की त्यांनी ऐकलंय.

"हो," ती म्हणाली. "मीच. सगळ्यांसमोर सांगितलं."

बाबांनी स्कूटर चालू केली. सिग्नलला थांबल्यावर, पुढे बघतच ते म्हणाले, "घराची अब्रू वेशीवर टांगलीस."

"मी नाही टांगली," बरगडी मागून म्हणाली. "ती काचेच्या कपाटात आधीच मांडून ठेवलेली होती."

सिग्नल सुटला. त्यानंतर निकालापर्यंत बाप-लेकीत अबोला होता. मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागायचे. बाबा मधूनमधून दुपारचे स्कूटर घेऊन कुठेतरी जायचे, डिकीत काहीतरी खडखडायचं. कुठे चाललात असं आईनं विचारलं तर "काम आहे" म्हणायचे. बरगडीनं विचारलं नाही. ती पण त्यांचीच पोरगी होती.

निकाल लागला. मार्क असे आले की पहिल्या वर्षीच्या मार्कांशेजारी ठेवले तर ते एकाच माणसाचे वाटू नयेत. प्रवेशाच्या यादीत ती आरामात बसत होती. काकांनी पहिला फोन स्वतःच्या मित्राला लावला आणि "आमच्या घराण्यातच ते आहे" असं सांगितलं. आई रडली, मग रडताना कुणी पाहिलं म्हणून चिडली. बाबा घरात नव्हते.

बरगडीला ना काकांचं ऐकायचं होतं ना आईच्या गळ्यात पडायचं होतं. वर्षभर तिनं एकाच क्षणासाठी दात-ओठ खाल्ले होते. ती तडक माळ्यावर चढली. काळजांचं एक खोकं ओढलं, पट्टी फाडली. आता एकेक काढणार, बाबांच्या टेबलावर मांडणार, शेजारी मार्क ठेवणार, आणि निळ्या रंगाचा डबा त्यांच्या हातात देणार. कराराप्रमाणे.

तिनं पहिलं काळीज बाहेर काढलं आणि ती खाली बसली. दुसरं काढलं. तिसरं. दुसऱ्या खोक्याची पट्टी फाडली.

फुप्फुसाकडे जाणारी नळी निळी होती. फुप्फुसाकडून येणारी लाल. सगळ्यांची. कडा जाड होत्या, एक-दोन ठिकाणी ओघळ आला होता. बाबांचा हात ओतकामाचा, रंगात तो कधीच स्थिर नव्हता.

स्कूटरचा आवाज आला तेव्हा ती दोन काळजं दोन हातांत घेऊन धाडधाड खाली उतरली. बाबा दारात होते, आणि त्यांच्या काखेत पिशवीत गुंडाळलेलं आणखी एक काळीज होतं. पिशवीबाहेर आलेल्या काळ्या बैठकीवर लहान अंगठ्याचा ठसा.

"हे कधी केलंत?" बरगडी ओरडली.

"परीक्षा झाली त्याच आठवड्यात."

"म्हणजे मार्कांच्या आधी?"

"आधी."

"आणि रोज दुपारी शाळाशाळांतून हिंडतोय," काका आतून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरी कळ होती. "दुनिया चूक करते ती झाकते. हा दारोदार जाऊन कपाटं उघडायला लावतो आणि सांगतो, आमचं चुकलंय, थांबा, रंगवून देतो."

बरगडीला आनंद व्हायला हवा होता. तिला संताप आला. "मग मी वर्षभर घासलं ते काय उगाच? मार्क आणल्यावर ऐकणार असं ठरलं होतं! मी आणलेत मार्क! बघा तरी!"

बाबांनी काळीज टेबलावर ठेवलं, पिशवीची घडी केली. "त्या दिवशी फाटकाशी ती चष्मेवाली पोरगी आपल्या आईला सांगत होती," ते म्हणाले. "म्हणाली, ती गप्प बसली असती तर तिचाच फायदा होता. तरी बोलली." त्यांनी पिशवीची घडी बाजूला ठेवली. "मी घरी येईपर्यंत तेच घोकत होतो. तुला बोललो खरा वेशीवर टांगलीस म्हणून, पण मनात तेच चाललं होतं. ज्याला नाचता येत नाही तो अंगण वाकडं म्हणतो, ते स्वतःची बाजू सावरायला म्हणतो. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन कोण म्हणेल? म्हणजे अंगण वाकडंच असणार. मग मार्कांची वाट कशाला बघायची? ते तू तुझ्या कामाला वापर."

बरगडीनं हातातली दोन्ही काळजं टेबलावर ठेवली.

बाबांनी अंगठ्याच्या ठशाचं काळीज तिच्याकडे वळवलं. येणारी नळी त्यांनी लाल करून टाकली होती. जाणारीचा जुना रंग खरवडून काढला होता आणि ती पांढरीफटक, कोरी होती. "एवढी ठेवलीय," ते म्हणाले. "अंगठा तुझा आहे, तर ही पण तूच कर. माझ्यानं ओघळ येतो."

आईनं काही न बोलता ब्रश पुसून पुढे केला. बरगडीनं वर्षभरात काळजाला ब्रश लावला नव्हता. तिनं स्टूल ओढलं, निळ्या डब्याचं झाकण काढलं, ब्रश बुडवून कडेला निथळला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं मनगटानं पुसलं, कारण ओल्या डोळ्यांनी कड सरळ येत नाही.

"जाणारं लाल," काका मागून सवयीनं पुटपुटले, "येणारं..."

"ही जाणारीच आहे, काका," बरगडी मान वर न करता म्हणाली, "आणि निळीच आहे." आणि तिनं ब्रश टेकवला.